सहलीच्या आधीची सहल

गेल्या वर्षीच्या पौषातील एक दुपार. खिद्रापूर गावात, आदिनाथांच्या प्राचीन बस्तीजवळ एस.टी.ची एक गाडी उभी होती. कोल्हापुरातील एका शाळेची सातवीची सहल कोपेश्वराचे देऊळ पाहून नुकतीच बाहेर पडली होती. घड्याळ पुढे पळत होते आणि परतीच्या वाटेवर नृसिंहवाडी अजून व्हायची होती. इतिहास शिकविणाऱ्या बाईंनी घाईघाईने सूचना दिली, "जैन मुलांनी पटकन दर्शन घेऊन या. बाकीच्यांनी गाडीत बसून घ्या." अकरा मुले बस्तीत गेली, एकतीस मुले गाडीत बसली. दहा मिनिटांत अकरा जण परतले, हजेरी झाली आणि गाडी सुटली.

सूचना सोयीची होती. तिच्यामागचा हेतूही वाईट नव्हता. बाई स्वतः जैन. शाळेत आपण आपल्या धर्माचे काही पुढे करतो, असे कोणास वाटू नये म्हणून त्या नेहमीच जपत असत. सर्व मुलांना बस्तीत नेले तर कुणाच्या घरचे काही म्हणतील, बस्तीत कोणी काही बोलेल, अशी दुहेरी धास्ती त्यांच्या मनात होती. त्या धास्तीने दोन रांगा केल्या आणि त्या दोन रांगा झाल्या आहेत, हे त्या वेळी बाईंच्या ध्यानातही आले नाही.

कुरुंदवाड जवळ आले तेव्हा खिडकीशी बसलेल्या एका मुलीने विचारले, "बाई, आत काय होतं?"

बाईंनी तिच्या पुढच्या बाकावरील मुलाकडे बोट दाखविले. "त्याला विचार. तो आत जाऊन आलाय."

मुलगा गोंधळला. "देव होते," तो म्हणाला.

"आणि?"

"आणि काय? नमस्कार केला."

सोमवारी सहलीच्या निबंधाच्या बेचाळीस वह्या बाईंच्या मेजावर आल्या. गाडीतील भेंड्या, भेळ, घाटावर कोणाची टोपी नदीत पडली, यांची वर्णने त्यांत भरपूर होती. कोपेश्वर बहुतेकांनी दोन ओळींत संपविला होता. बस्तीत जाऊन आलेल्या अकरांपैकी नऊ जणांनी तिच्याविषयी 'दर्शन घेतले' एवढेच लिहिले होते. उरलेल्या दोघांनी तेवढेही नाही. खिडकीशी बसलेल्या मुलीच्या निबंधाची शेवटची ओळ मात्र बाईंनी दोनदा वाचली. तिने लिहिले होते : 'आणि एक देऊळ आम्ही गाडीतून पाहिले.'

त्या संध्याकाळी बाई माहेरी गेल्या होत्या. सूर्यास्तापूर्वीचे जेवण उरकून अण्णा स्वाध्यायाच्या चौरंगाशी बसले होते. बाईंनी त्यांना ती ओळ वाचून दाखविली आणि घडलेले सांगितले. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लोक कोपेश्वर बघून परत जातात, आपल्या बस्तीकडं कुणी फिरकत नाही, असं आपण दरसाल म्हणतो. बस्तीचं दार तर उघडंच होतं, अक्का. गाडीचं दार कुणी लावलं?"

बाईंपाशी उत्तर नव्हते. परंतु यंदाच्या सहलीची तयारी त्या प्रश्नापासून सुरू झाली.

दिवाळीची सुट्टी संपताच बाईंनी मुख्याध्यापकांकडे दर आठवड्याला एक जादा तास मागितला. मुख्याध्यापकांना नवल वाटले. डबा, पाण्याची बाटली, टोपी आणि पालकांचे संमतीपत्र एवढ्या तयारीला दोन महिने कशाला हवेत? बाई म्हणाल्या, "ती पिशवीची तयारी झाली, सर. बघायची तयारी वेगळी करावी लागते, हे मला मागच्या वर्षी कळलं."

पहिल्या तासाला प्रत्येकाने वहीच्या पानावर तीन रकाने आखले : 'दगड सांगतो', 'लोक सांगतात' आणि 'मला दिसते'. शिलालेखात किंवा ताम्रपटात लिहिलेले असेल ते पहिल्या रकान्यात. गावकऱ्यांकडून, आजीकडून, पुजाऱ्याकडून ऐकलेले दुसऱ्यात. आपल्या डोळ्यांना प्रत्यक्ष दिसलेले तिसऱ्यात. एका रकान्यातील मजकूर दुसऱ्या रकान्यात जाऊ द्यायचा नाही, एवढाच नियम.

नियम सोपा वाटला तरी त्याला सराव हवा होता. म्हणून एका शनिवारी बाईंनी वर्गाला टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात नेले. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती तेथे आहे. रोमन साम्राज्याशी चालणाऱ्या व्यापाराच्या काळात ती इकडे आली. बाईंनी हे काहीच आधी सांगितले नाही. पाच मिनिटे उभे राहून फक्त तिसरा रकाना भरा, एवढेच सांगितले. पहिल्या मिनिटाला बहुतेकांनी 'छोटी मूर्ती' असे लिहून पेन्सिल खाली ठेवली. तिसऱ्या मिनिटाला पुन्हा पेन्सिली चालू लागल्या. पाचव्या मिनिटाला काहींची पाने भरली होती. वेळ संपल्यावर बाईंनी मूर्तीचे नाव सांगितले, तेव्हा 'हा देव आपल्या गावात कसा आला?' हा प्रश्न मुलांनीच विचारला. बाईंना हाच क्रम हवा होता : आधी पाहणे, मग प्रश्न, आणि मग उत्तर.

पुढचा तास शिलालेखाचा. कोपेश्वराच्या देवळात देवगिरीचा यादव राजा सिंघण याचा संस्कृत लेख आहे. एका मुलाने मोबाईलवरून उतरवून आणले होते की, सिंघणाने ११३६ साली या देवळाचा जीर्णोद्धार केला. बाईंनी फळ्यावर ११३६ लिहिले आणि यादवांचा पाठ उघडायला सांगितला. सिंघण तर तेराव्या शतकातील राजा! मुले चक्रावली. मग एकीच्या लक्षात आले की, लेखातील साल शकाचे असणार. ११३६ मध्ये ७८ मिळविले, १२१४ आले. लेख इसवी सन १२१३-१४ चा आहे, हे बाईंनी सांगितले.

"म्हणजे मोबाईलनं ७८ वर्षं खाल्ली!" मागून कोणी म्हणाले आणि वर्ग हसला.

"आणि लेखात जीर्णोद्धाराची नव्हे, दानाची गोष्ट आहे," बाई म्हणाल्या. "राजानं कोपेश्वराच्या पूजेसाठी एक गाव दिलं. आता एक विचार करा. याच सिंघणानं थोडंच आधी पन्हाळ्याच्या शिलाहार भोज राजाला हरवून त्याचं राज्य घेतलं होतं. जिंकलेल्या मुलखातल्या देवाला त्यानं गाव का दिलं असेल?"

लोकांना बरे वाटावे म्हणून, असे एकाने सांगितले. राजा बदलला तरी दिवा लागला पाहिजे म्हणून, असे दुसरीने. बाईंनी दोन्ही उत्तरे फळ्यावर लिहिली आणि त्यांच्यापुढे प्रश्नचिन्हे काढली; कारण दगडाने दान सांगितले होते, मनातले सांगितले नव्हते.

शिलाहारांचे नाव निघाले आणि ज्या प्रश्नाची बाईंना धास्ती होती तो याच तासाला आला. एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, शिलाहार राजे जैन होते ना? आमच्या घरी म्हणतात, ते आमचे होते."

दुसऱ्या बाकावरून लगेच आवाज आला, "नाही बाई, ते महालक्ष्मीचे भक्त होते. ते आमचे."

वर्ग दोन्हीकडे पाहू लागला. बाई क्षणभर थांबल्या. पहिले वाक्य त्यांनी स्वतः लहानपणापासून घरात ऐकले होते. त्यास होकार देणे सोपे होते आणि तो अगदी निराधारही ठरला नसता. राजा गंडरादित्याने आजरे येथे, म्हणजे तेव्हाच्या आजुरिका गावी, त्रिभुवनतिलक नावाची बस्ती बांधली होती. त्याच बस्तीत इसवी सन १२०५ मध्ये सोमदेव मुनींनी 'शब्दार्णवचंद्रिका' हा जैनेंद्र व्याकरणावरील ग्रंथ पूर्ण केला, ही गोष्ट जैन समाजाने अभिमानाने सांगावी अशीच आहे. परंतु आपल्याला महालक्ष्मीचा वरप्रसाद लाभला आहे, असे शिलाहार राजे आपल्या बिरुदांत सांगत, हेही तितकेच खरे. दोनपैकी एकच सांगितले असते तर ते असत्य ठरले नसते; पण सत्य अर्धेच राहिले असते.

बाईंनी फळ्यावर एक मोठे तळे काढले आणि त्याच्या काठावर तीन चौकोन.

"हा गंडरादित्य बाराव्या शतकाच्या आरंभी इथं राज्य करत होता. मिरज प्रांतात इरुकुडी गावाजवळ त्यानं एक तलाव बांधला. नाव ठेवलं गंडसमुद्र. त्या तलावाच्या काठावर त्यानं तीन देवांची स्थापना केली." त्यांनी एकेका चौकोनात नाव लिहिले : ईश्वर, बुद्ध, अर्हत. "आणि तिघांच्याही पूजेसाठी वेगवेगळी जमीन दिली. हे त्याच्या दानलेखात आहे, म्हणून हे कोणत्या रकान्यात जाईल?"

"पहिल्या!"

"बरं. आता राजा कुणाचा होता, हे ठरवायचं असेल तर यांतले दोन चौकोन पुसावे लागतील. कोणते पुसू?"

त्यांनी डस्टर हातात धरून ठेवला. कोणी काही बोलले नाही. पहिला मुलगा खाली बसला, पण त्याची मान खाली गेलेली नव्हती. तो फळ्यावरील तळ्याकडेच पाहत होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "तळं एकच होतं काय, बाई?"

"एकच."

"मग पाणी सगळ्यांनी एकाच तळ्याचं घेतलं असंल."

ते वाक्य पहिल्या तिन्ही रकान्यांत बसत नव्हते. म्हणून त्या दिवशी वहीत चौथा रकाना आखला गेला : 'मला सुचते'.

चौथ्या रकान्याला पुढच्याच आठवड्यात काम मिळाले. कोपेश्वरापुढे नंदी नाही, हे बाईंनी सांगितले. सती आपल्या पित्याच्या यज्ञाला नंदीवर बसून गेली आणि तो नंदी कृष्णेपलीकडे कर्नाटकातील यडूर येथे राहिला, ही कथा दुसऱ्या रकान्यात गेली. मग बस्तीचा विषय निघाला. चोवीस तीर्थंकरांना ओळखण्यासाठी प्रत्येकाचे एक लांछन, म्हणजे चिन्ह असते, महावीरांचे सिंह, पार्श्वनाथांचे सर्प आणि आदिनाथांचे वृषभ, असे बाई सांगत होत्या, तोच एक मुलगा ओरडला, "बाई! तिकडं बैल नाही आणि इकडं बैल आहे!"

वर्ग हसला, बाई मात्र हसल्या नाहीत. "सुंदर सुचलं. चौथ्या रकान्यात लिही. पण त्यावरून तिकडचा बैल इकडं आला, असं कुणी म्हणायला लागलं तर त्याला पहिला रकाना दाखवायला सांग."

सहलीतील एक खेळही बाईंनी याच सुमारास ठरविला. कोपेश्वराच्या पायथ्याशी हत्तींचा एक पट्टा कोरलेला आहे. ते हत्ती मोजायचे. पुस्तकांत ९२ हा आकडा देतात, पण तो आधी सांगायचा नाही. अण्णांना हा बेत सांगितला तेव्हा त्यांना हत्ती आणि आंधळ्यांचा दृष्टांत आठवणे साहजिकच होते. ते म्हणाले, "आंधळ्यांनी हत्तीला हात लावला यात त्यांचं काही चुकलं नाही. एका जागी हात लावून तिथंच थांबले, हे चुकलं. तुझी पोरं प्रदक्षिणा घालणार आहेत, बरंच आहे. अनेकांताचा धडा वर्गात न सांगता होईल."

बाई हसून म्हणाल्या, "आमच्या पोरांना हातसुद्धा लावायचा नाही, अण्णा. संरक्षित स्मारक आहे."

हात न लावण्याचे कारणही त्यांनी वर्गात नियम म्हणून सांगितले नाही. एका मुलास शाळेच्या दगडी पायरीच्या कडेवरून बोट फिरवायला सांगितले. कडा गुळगुळीत होती. "ही कुणी तासली?" असे विचारल्यावर मुलांनाच उमगले की कोणी तासली नाही, पिढ्यान्‌पिढ्यांचे पाय तिच्यावरून गेले, एवढेच.

पालकसभेत मात्र गोष्टी इतक्या सहज पार पडल्या नाहीत. सर्व मुले दोन्ही ठिकाणी जातील, असे बाईंनी सांगताच एक पालक उभे राहिले. "इतिहासाच्या सहलीत आमच्या मुलाला बस्तीत कशासाठी न्यायचं?" त्यांचे बोलणे संपते न संपते तोच मागच्या रांगेतून एका जैन पालकांनी शंका काढली, "सगळी मुलं आत गेली तर शुद्धीचं काय?"

धास्तीचे हे दोन्ही चेहरे बाईंना ओळखीचे होते. वर्षापूर्वी ते त्यांच्याच मनात होते. त्यांनी दोघांनाही एकच उत्तर दिले. बस्तीबाहेर चपला आणि कातडी पट्टे काढले जातील. हातपाय धुतले जातील. सभामंडपापर्यंत सर्व मुले जातील आणि गाभाऱ्यात कोणीच जाणार नाही, जैन मुलेही नाहीत, कारण धूतवस्त्रावाचून तेथे जाण्याचा रिवाज नाही. कोपेश्वरातही हीच शिस्त राहील. "नमस्कार करायचा की नाही, हे ज्याच्या त्याच्या घरानं ठरवावं," बाई म्हणाल्या. "बघायचं मात्र सगळ्यांनी आहे." दोन्ही पालक लगेच प्रसन्न झाले असे नव्हे, परंतु दोन्ही संमतीपत्रे दुसऱ्या दिवशी सहीनिशी आली.

डब्याचा प्रश्न आयांनीच सोडविला. सर्वांनी एकत्र बसून जेवायचे तर कांदा, लसूण, बटाटा नसलेले पदार्थ आणावेत, असे ठरले. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मोड आलेल्या मटकीची कोरडी उसळ आणि गूळ. गाडी सूर्यास्ताच्या आत परत यायची असल्याने नृसिंहवाडीचा बेत या वर्षी वगळला. दोन ठिकाणे नीट पाहायची तर तिसरे सोडावे लागते, हे बाईंनी मुलांना पटवून दिले. मुलांनी थोडी कुरकुर केली.

निघण्याच्या आदल्या दिवशी बाई आठवीच्या वर्गात गेल्या. खिडकीशी बसलेली ती मुलगी आता त्या वर्गात होती.

"उद्या सातवीबरोबर मदतनीस म्हणून येशील? मुख्याध्यापकांना मी विचारलंय."

"मी मागच्या वर्षी पाहिलंय की, बाई."

"अर्धं पाहिलंस," बाई म्हणाल्या. "उरलेलं माझ्यामुळं राहिलं."

मुलगी काही क्षण त्यांच्याकडे पाहत राहिली. शिक्षकांनी असे काही म्हटलेले तिने बहुधा प्रथमच ऐकले असावे. "येते," ती म्हणाली.

सकाळी सात वाजता गाडी निघाली. साठेक किलोमीटरच्या वाटेवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात मुले शिरली तेव्हा नेहमीचा गलका झाला नाही. ४८ खांबांच्या त्या मंडपाला मध्यभागी छत नाही; तेथे आकाशाचे एक वर्तुळ आहे. मुले मान वर करून बराच वेळ उभी राहिली. पूर्वी होमाचा धूर जाण्यासाठी ते मोकळे ठेवले, ही हकिकत दुसऱ्या रकान्यात आधीच लिहिलेली होती. तिसऱ्या रकान्यात ज्याने त्याने आपले आकाश लिहिले. हत्तींच्या मोजणीत चार गटांचे चार आकडे आले. झिजलेला हत्ती धरायचा की नाही, यावर मोठा वाद झाला. ९२ हा आकडा कळल्यावर दोन गट पुन्हा मोजायला धावले.

मग सर्वजण बस्तीपाशी आले. चपलांची एकच लांब रांग लागली. मदतनीस मुलगी दाराशी उभी राहून एकेकाला आत सोडत होती. सभामंडपात पाच मिनिटांचे मौन ठरले होते. काहींनी हात जोडले, काही नुसतेच उभे राहिले. पेन्सिलींचा आवाज तेवढा येत होता. वर्गात 'ते आमचे' असे म्हणालेला मुलगा एका कोरीव खांबापुढे थांबला होता. बाहेर आल्यावर तो बाईंना म्हणाला, "मी आजीबरोबर दर वर्षी येतो. पण हा खांब आजच बघितला."

मुलगी सर्वांत शेवटी आत गेली आणि सर्वांत शेवटी बाहेर आली. वेळ भरला होता, चालकाने दोनदा भोंगा वाजविला होता. बाईंनी तिला हाक मारली नाही.

सोमवारी तिनेही आपली वही आणून दिली. ती सातवीत नसल्यामुळे तिला ते बंधन नव्हते. पहिला रकाना तिने रिकामा सोडला होता. दुसऱ्यात एक ओळ होती. तिसरा रकाना मागच्या पानापर्यंत गेला होता : खांब, त्यांच्यावरील नक्षी, पायाखालचा थंड दगड, आत येताच कमी झालेला उजेड, मूर्तीचे मिटल्यासारखे डोळे. चौथ्या रकान्यात तिने लिहिले होते : 'हे देऊळ गाडीतून दिसते त्यापेक्षा मोठे आहे.'

बाईंनी त्या वहीत गुण दिले नाहीत. संध्याकाळी ती अण्णांना दाखवायची, म्हणून पिशवीत ठेवली आणि पुढच्या वर्षाच्या सहलीसाठी जादा तासांचा अर्ज लिहायला घेतला.